रझाकारांचा प्रचार आणि आपण

दरवर्षी १७ सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यातील शाळाशाळांतून मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमच्याही शाळेत झेंडा चढतो, मुले रांगेत उभी राहतात, मुख्याध्यापक चार शब्द बोलतात. काही वर्षांपूर्वी असेच झेंडावंदन आटोपून मुले वर्गात परतत होती. आठवीतला एक मुलगा मागे रेंगाळला. आदल्या संध्याकाळी मैदानावर आऊट की नॉटआऊट यावरून भांडण झाले होते आणि समोरच्या मुलांनी त्याला 'रझाकार' म्हटले होते. त्याने आम्हाला विचारले, "सर, रझाकार अपने लोग थे क्या?"

विद्यार्थ्याचा प्रश्न टाळू नये, हे बी.एड.ला शिकून आलेले आम्ही. तरीही म्हणालो, "बेटा, बेल हो गई, क्लास में जाओ." मुलगा गेला. प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला. त्याला तेव्हा न दिलेले उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

या प्रश्नाची तीन तयार उत्तरे आपल्या भागात मिळतात. पहिले उत्तर आपल्यातलेच शहाणे लोक देतात: रझाकार बाहेरचे होते, आपला त्यांच्याशी काही संबंध नाही. दुसरे उत्तर दबक्या आवाजात दिले जाते: ते कौमच्या रक्षणासाठी उभे राहिले होते, इतिहासाने त्यांना उगाच बदनाम केले. तिसरे उत्तर मैदानावरच्या मुलांनी दिले: तुम्ही सगळेच रझाकार. तिन्ही उत्तरे सोपी आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे प्रचार. प्रचार माणसाच्या मनात नेमका कुठून शिरतो, हे समजून घेतल्याशिवाय आपल्याला आपली तारीखही समजणार नाही.

आधी तारीख पाहू. निजामाचे हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, जिल्हे १६, आणि १९४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, सुमारे पावपट मराठी, उरलेल्यांत कानडी आणि उर्दू. मुसलमान शेकडा १३ च्या आसपास. बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. आजचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होते.

राजा मुसलमान, वरच्या हुद्द्यांवर मुसलमानांचा भरणा, राज्यकारभाराची भाषा उर्दू. यावरून बाहेरच्यांना वाटे की इथला प्रत्येक मुसलमान सुखात लोळत असणार. प्रत्यक्षात खेड्यापाड्यांतला मुसलमान म्हणजे विणकर, बागवान, तांबोळी, मुलाणी, पिंजारी, अल्पभूधारक शेतकरी, फार तर चौकीवरचा शिपाई किंवा कचेरीतला चपराशी. जहागीरदाराच्या वाड्यात त्याला बसायला जागा नव्हती. सावकाराच्या वहीत त्याचेही नाव होते. म्हणजे राज्य 'आपले' होते आणि पोट रिकामे होते. हा विरोधाभास लक्षात ठेवावा. पुढचे सगळे त्यातूनच घडले.

मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना १९२७ मध्ये हैदराबादला स्थापन झाली. १९३८ मध्ये नवाब बहादुर यार जंग तिचे अध्यक्ष झाले. वक्तृत्वात त्यांची बरोबरी करणारे त्या काळात फार थोडे होते. त्यांच्या काळात एक सिद्धांत रूढ झाला. त्याचे नाव 'अनल मलिक', म्हणजे मीच राजा. निजाम हे केवळ प्रतीक आहे, खरी सत्ता राज्यातील समस्त मुसलमानांची आहे आणि प्रत्येक मुसलमान तिचा वाटेकरी आहे, असा त्याचा अर्थ. बहादुर यार जंग १९४४ मध्ये अकाली वारले. १९४६ च्या अखेरीस संघटनेची सूत्रे कासिम रझवी यांच्या हाती आली. अलीगढला कायद्याचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ लातूरला वकिली करत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. आमच्या मोमिनाबादपासून बैलगाडीच्या वाटेवरचे गाव.

'रझाकार' या उर्दू शब्दाचा साधा अर्थ स्वयंसेवक. आपल्या मर्जीने कामाला उभा राहणारा तो रझाकार. रझवींच्या काळात या स्वयंसेवकांची फौज बनली. खाकी कपडे, कवायत, काठ्या, भाले, तलवारी, काही जुन्या ठासणीच्या बंदुका. मोठमोठे आकडे जाहीर होऊ लागले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे मजलिसच्या जमावाने पंतप्रधान छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. भारत सरकारशी करार करण्यासाठी दिल्लीला निघालेले शिष्टमंडळ अडले. पुढे २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला खरा, पण राज्यात कोणाचे चालते, हे त्या पहाटे सर्वांना कळले होते. निजामाच्या पायांशी बंगालच्या उपसागराच्या लाटा येतील, लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, अशा आशयाची भाषणे रझवींच्या नावावर १९४८ मध्ये वर्तमानपत्रांत छापून आली. त्यांतील काहींचा इन्कारही केला गेला. पण इन्कार खेड्यात पोहोचला नाही. पोहोचल्या त्या लाटा आणि तो झेंडा.

आता घरातली गोष्ट सांगतो. ती आम्ही आजवर कुठे लिहिली नव्हती.

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, माजलगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहत. घरात थोडी कोरडवाहू जमीन आणि बाजाराच्या दिवशी पानाची टोपली. १९४८ मध्ये ते सतरा-अठरा वर्षांचे होते. आयुष्यभर त्यांनी 'रझाकार' हा शब्द उच्चारला नाही. मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी ते घराबाहेरही पडत नसत. शेवटच्या आजारपणात एकदा आपण होऊन बोलले. त्या उन्हाळ्यात गावात कवायत सुरू झाली होती. जुम्याच्या नमाजनंतर तालुक्याहून कोणी येई, उर्दू वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी, तकरीर करी. पोरांना काठ्या मिळाल्या. दादा म्हणाले, "लाठी हात में आई तो मैं पटेल के बराबर हो गया था."

त्या काठीने दादांनी काय केले? एकदा गावच्या वेशीवर शेजारच्या मराठा शेतकऱ्याची बैलगाडी अडवली. त्याला खाली उतरवून गाडीची झडती घेतली. वडिलांच्या वयाचा तो माणूस धोतर सावरत उभा राहिला. दादांना त्या क्षणी खूप मोठे झाल्यासारखे वाटले. बस, एवढेच. त्यांनी कोणाला मारले नाही, कोणाचे घर जाळले नाही. पण एवढे सांगताना साठ वर्षांनंतरही त्यांचा आवाज अडखळत होता.

पानाची टोपली घेऊन फिरणाऱ्या पोराला पाटलाच्या बरोबरीचे करणारी ही जादू काय होती? याचे उत्तर आम्हाला आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडले नाही. ते सापडले जर्मनीतून परागंदा झालेल्या काही अभ्यासकांच्या लिखाणात. वाचकांना हे अंतर लांबचे वाटेल, पण खुद्द निजामाने पुढे रझाकारांची तुलना जर्मनीशीच केली आहे. ते पुढे येईल.

१९२३ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात समाजसंशोधनाची एक संस्था निघाली. मॅक्स होर्कहायमर, थिओडोर अडोर्नो, एरिक फ्रॉम, लिओ लोवेंथाल ही तिच्यातील नावे. यांच्या विचारपद्धतीला चिकित्सक सिद्धांत म्हणतात. समाज कसा आहे एवढेच सांगून न थांबता तो माणसाला गुलाम कसा बनवतो आणि माणूस ती गुलामी आनंदाने का पत्करतो, हे शोधणे हा तिचा गाभा. यांतील बहुतेक जण जन्माने यहुदी होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, संस्था बंद पडली आणि ही मंडळी आधी जिनेव्हा, मग न्यूयॉर्क अशी विखुरली. ज्यांच्याविरुद्ध प्रचाराची तोफ डागली गेली, त्यांनीच ती तोफ उघडून पाहिली.

एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी फक्त शत्रूचा अभ्यास केला नाही. हिटलर येण्याच्या आधीच, १९२९ पासून, फ्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन कामगारांना प्रश्नावल्या देऊन त्यांची मने तपासली होती. हे कामगार बहुतांशी डाव्या पक्षांचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. त्यांतील कित्येक जण तोंडाने क्रांतीची भाषा बोलत होते, पण घरात आणि मनात हुकूमशाहीला शरण जाणारे होते, असे दिसून आले. आपल्या माणसांची अशी तपासणी करायला मोठे धैर्य लागते.

फ्रॉम यांचे स्वातंत्र्यापासून पळणाऱ्या माणसाविषयीचे पुस्तक १९४१ मध्ये आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जुनी व्यवस्था ढासळते, माणूस मोकळा होतो, पण एकटाही पडतो. त्या एकटेपणाची त्याला भीती वाटते. मग तो एखाद्या प्रचंड शक्तीत स्वतःला विरघळवून टाकतो आणि तिच्या बळाला स्वतःचे बळ समजतो. एकाच वेळी वरच्यापुढे वाकायचे आणि खालच्याला वाकवायचे, ही त्या स्वभावाची खूण. दादांची काठी आठवून पाहा. ती वरून कोणीतरी हातात दिली होती आणि ती चालली शेजाऱ्यावर.

लोवेंथाल आणि नॉर्बर्ट गुटरमन यांनी अमेरिकेतील चिथावणीखोर वक्त्यांची भाषणे आणि पत्रके तपासून १९४९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना आढळले की असा वक्ता लोकांचे दुःख निर्माण करत नाही. दुःख आधीच असते. तो त्या दुःखाचे कारण शोधू देत नाही. त्वचारोग झालेल्याला वैद्याकडे पाठवण्याऐवजी 'खाजव, अजून खाजव' असे सांगणाऱ्याची उपमा त्यांनी दिली आहे. हैदराबाद राज्यातल्या गरीब मुसलमानाचे दुःख काय होते? जमीन, कर्ज, शिक्षण, रोजगार. हेच दुःख त्याच्या हिंदू शेजाऱ्याचेही होते. जहागीरदारी आणि सावकारीविरुद्ध दोघे एकत्र उभे राहू शकले असते. मखदूम मोहियुद्दीनसारखे शायर तेलंगणात तेच सांगत होते. पण 'अनल मलिक' म्हणणाऱ्याने त्या विणकराला कर्जातून सोडवले नाही, जमीन दिली नाही. त्याला फक्त सांगितले की तू राजा आहेस. पगाराशिवाय, जमिनीशिवाय, शाळेशिवाय राजा.

अडोर्नोंनी १९५१ च्या एका निबंधात अशा नेत्याचे आणखी एक लक्षण सांगितले. हा नेता महामानवही असतो आणि त्याच वेळी आपल्यातलाच एक साधा माणूसही. तो फार दूरचा असून चालत नाही. कासिम रझवी हे ना नवाब, ना जहागीरदार. तालुक्याच्या कोर्टातले वकील. म्हणून ते पानवाल्यालाही आपले वाटले आणि 'सिद्दीक-ए-दख्खन' ही पदवीही त्यांना शोभली. त्याच निबंधात अडोर्नो म्हणतात की अनुयायांचा त्या प्रचारावर पूर्ण विश्वास नसतोच. ते विश्वासाचे सोंग वठवत असतात. क्षणभर थांबून विचार केला तर सगळा खेळ कोसळेल आणि भीती तेवढी उरेल, म्हणून ते थांबत नाहीत. आम्ही दादांना विचारले होते, "काठीने भारताच्या रणगाड्यांशी लढता येईल, असे खरेच वाटत होते का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सोचे इच नै. सोचने कू डर लगता था."

इथे दोन गोष्टी न्यायाने सांगितल्या पाहिजेत. पहिली, त्या काळातली भीती सगळीच बनावट नव्हती. फाळणीच्या कत्तलींच्या बातम्या येत होत्या. वऱ्हाड-मध्य प्रांताकडून हजारो मुसलमान निर्वासित होऊन राज्यात आले होते. सीमेपलीकडच्या बार्शी-नगर भागातील कॅम्पांतून नाक्यांवर हल्ले होत होते. प्रचार शून्यातून उगवत नाही. खऱ्या भीतीचे लाकूड त्याला लागते. दुसरी गोष्ट, अडोर्नो आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासकांनी १९५० मध्ये हुकूमशाही वृत्तीच्या व्यक्तिमत्त्वावर जो मोठा ग्रंथ काढला, त्यावर पुढे बरीच टीका झाली. प्रश्नावली एकांगी आहे, ती उजव्यांनाच पकडते, परिस्थितीपेक्षा स्वभावाला जास्त महत्त्व देते, असे आक्षेप आले. ते आम्हालाही पटतात. आमचे दादा स्वभावाने हुकूमशहा नव्हते. आयुष्यभर त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. तीन महिन्यांच्या परिस्थितीने त्यांना काठीवाला बनवले. पण म्हणूनच हा धोका जास्त आहे. तो वाईट माणसांपुरता नाही.

काठी सगळ्यांच्याच हातात निरुपद्रवी राहिली नाही. तेव्हाच्या बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या हत्याकांडात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. ऑगस्टमध्ये तेलंगणातील भैरानपल्लीला तसेच झाले. मराठवाड्यात गावेच्या गावे सीमेपलीकडे पळाली. हे लपवून आपण आपल्या मुलांना काहीच शिकवू शकणार नाही.

मग 'अपने लोग' फक्त तेच होते का? नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या सात मुसलमानांनी जाहीर निवेदन काढून रझाकारांचा निषेध केला आणि भारताशी समझोता करण्याची मागणी केली. फरीद मिर्झा त्यांपैकी एक. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान आपल्या अग्रलेखांतून हेच सांगत होते. वय तिशीच्या आत. २१ ऑगस्टच्या रात्री काम संपवून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा लिहिता हात तोडला गेला आणि ते मृत्यू पावले. उर्दूत लिहिणारा, नमाजी घरातला हा तरुण. आमच्या उर्दू शाळांच्या भिंतींवर त्याचा फोटो आम्ही अजून कुठे पाहिला नाही. आमच्याही शाळेत नव्हता. ज्याने आपल्याला मोठे म्हटले त्याची तकरीर आपण ऐकली. ज्याने आपल्याला सावध केले त्याचे नावही आपण विसरलो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य राज्यात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. १८ तारखेला सेनापती एल इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. लाटा, झेंडा, लाल किल्ला सगळे पाच दिवसांत संपले. २३ सप्टेंबरला निजाम पुन्हा रेडिओवर बोलले. रझवींच्या टोळीने हिटलरच्या जर्मनीची आठवण यावी अशा मार्गांनी राज्य बळकावले आणि आपल्याला असहाय केले, असे त्यांनी जगाला सांगितले. ज्याच्या नावाने पोरांनी काठ्या उचलल्या, त्याने त्या पोरांशी आपले नाते एका भाषणात तोडले.

आता हिशेब पाहा. निजाम १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. पंतप्रधान मीर लायक अली नजरकैदेतून १९५० मध्ये निसटून पाकिस्तानात पोहोचले. कासिम रझवींना शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटका झाली आणि तेही पाकिस्तानात गेले. १९७० मध्ये कराचीत वारले. आणि खेड्यातला 'राजा'? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून पाहणी केली. पोलिस कारवाईच्या काळात आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक येथेही हजारो. या आकड्यांवर वाद आहेत. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो अभ्यासकांना पाहायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. मेलेल्यांतले बहुतेक जण कधी रझाकार नव्हते. लाटांचे स्वप्न दाखवणारे वाचले, ते ऐकणारे आणि न ऐकणारेही गेले.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. कित्येक हिंदू शेजाऱ्यांनी जिवाची पर्वा न करता मुसलमानांना वाचवले. आमच्या घरात या नोंदीचा पुरावा आहे. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात दादा ज्या घरी लपले, ते घर त्याच शेतकऱ्याचे होते ज्याची गाडी त्यांनी अडवली होती. त्याच्या बायकोने त्यांना कडब्याच्या गंजीत बसवले. झुंड दारात आली तेव्हा ती म्हणाली, "हितं कुणी न्हाई. जनावरांचा कडबा हाय." चार रात्री दादा तिथे होते. भाकरी आणून देताना त्या माउलीने गाडीचा विषय एकदाही काढला नाही. दादा म्हणत, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

आता मैदानावरच्या शिवीकडे येऊ. १९४८ नंतर दुसरा प्रचार सुरू झाला आणि त्याचे यंत्र अगदी तेच होते. आधी म्हटले गेले, 'प्रत्येक मुसलमान राजा.' मग म्हटले गेले, 'प्रत्येक मुसलमान रझाकार.' दोन्ही वाक्यांत विणकर नाही, बागवान नाही, शोएबुल्लाह नाही, फक्त एक ढीग आहे. माणसाचा ढीग झाला की त्याला फुगवणेही सोपे आणि जाळणेही सोपे. बांगलादेशाकडे पाहा. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने तिथे रझाकार नावाचेच दल उभारले, त्याने अत्याचार केले आणि शब्द तिथेही शिवी झाला. पुढे सत्ताधाऱ्यांनी तो विरोधकांवर फेकायला सुरुवात केली. जुलै २०२४ मध्ये आरक्षणाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात तिथल्या पंतप्रधान शेख हसीना यांनी हा शब्द वापरला, तेव्हा विद्यार्थ्यांनी तोच उपहासाने उचलून त्याची घोषणा केली. महिन्याभरात हसीनांना देश सोडावा लागला. शिवी किती काळ चालेल, हे शिवी देणाऱ्याच्या हातात नसते.

पण आम्हाला आमच्या वाचकांशी बोलायचे आहे ते दुसऱ्या प्रचाराविषयी नव्हे. आपल्याला शिव्या देणारा प्रचार आपण लगेच ओळखतो. तो कानाला टोचतो. आपली स्तुती करणारा प्रचार आपण ओळखत नाही, कारण तो गोड लागतो. 'तुम्ही एकेकाळी राज्यकर्ते होता', 'एक झालात तर सगळ्यांना झुकवाल', असे सांगणारी तकरीर आजही जलशात होते आणि आता ती मोबाईलवर रात्री दोन वाजताही येते. टाळ्या पडतात. सकाळी मुलगा शाळा सोडून गॅरेजवर जातो आणि कोणी विचारत नाही की राज्यकर्त्याच्या नातवाची फी कोण भरणार. आपल्या विरोधातल्या सभांतही हेच चालते. तिथेही बेकार पोरांना त्यांच्या जुन्या साम्राज्याची गोष्ट सांगून काठी दिली जाते. दोन्ही सभा एकमेकींवर जगतात. एकीचे भाषण हीच दुसरीची जाहिरात असते.

सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी तिची खातरजमा करण्याचा हुकूम आहे. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःच्या, आई-बापाच्या आणि नातलगांच्या विरोधात जात असली तरी देण्याचा हुकूम आहे. पहिला हुकूम आपण दुसऱ्यांच्या अफवांबाबत आठवतो. दुसरा क्वचितच आठवतो. दादांची गोष्ट लिहिताना आमचा हात थांबत होता. घरातल्यांनीही विचारले, "ये लिखना जरूरी है क्या?" आम्हाला वाटते, जरूरी आहे. फ्रँकफुर्टच्या त्या परागंदा माणसांनी आपल्याच कामगारांची मने तपासली. आपण आपल्या आजोबांची काठी तरी तपासावी.

आता १७ सप्टेंबरला आम्ही आठवीच्या वर्गात फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. कोणी तुम्हाला मोठे म्हणत असेल, तर त्याने तुम्हाला दिले काय? तुम्ही मोठे होताना लहान कोण होतो? आणि सगळे फसले तर किंमत कोण देणार, बोलणारा की ऐकणारा? मग रझाकारांची गोष्ट सांगतो, गोरट्याची सांगतो, शोएबुल्लाहची सांगतो, सुंदरलाल समितीची सांगतो. कोणाची बाजू गाळत नाही. पहिल्या वर्षी काही पालक नाराज झाले. नंतर त्यांतलाच एक जण आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन शाळेत आला. त्यांनाही काही सांगायचे होते.

प्रश्न विचारणारा तो मुलगा मध्यंतरी बसस्टँडवर भेटला. आता मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. आम्ही त्याला चहाला बसवले आणि म्हणालो, "तूने एक सवाल पूछा था. हाँ बेटा, रझाकार अपने भी थे. मेरे दादा थे. और जिसने उनके खिलाफ लिखा, जिसका हाथ काटा गया, वो शोएबुल्लाह भी अपना था. दादा को जिसने कडबे में छुपाया, वो भी अपनी थी."

तो थोडा वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, ये उसी दिन बोल देते तो मैं मैदान में जवाब देता."

त्याचे खरे आहे. बेल झाली नव्हती. आम्हीच उशीर केला.